मोरीत ओतलेली बाटली

बुधवारी सकाळी कौशल्यानं नवऱ्याची दारूची बाटली मोरीत ओतली. रागाच्या भरात नव्हे, अगदी सावकाश. बजरंग डबा घेऊन कामाला निघाला, चपला ओढत बोळाच्या तोंडाशी गेला, वळला, तोवर ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. बाटली तिथंच होती. मोठी, सीलबंद, तीन दिवसांच्या बेताची. गुरुवारी महापालिकेचं मतदान, म्हणून मंगळवार संध्याकाळपासून पुण्यातली दारूची दुकानं बंद. पिणाऱ्या माणसाला घरात मीठ संपलेलं कळत नाही, पण असली बेगमी करायचं बरोबर सुचतं. आणि लपवली कुठं, तर दाण्यात! ज्या ज्वारीला नवी आणल्यावर ती हळदकुंकू वाहायची, त्या ज्वारीत!

झाकण फिरवलं तेव्हा कट्‌कन आवाज झाला. तिनं नळ सोडला आणि धार मोरीत धरली. बाटली रिकामी व्हायला तिला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. मग साबणाचा चुरा टाकून तिनं मोरी घासली, रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याची गाडी आली तशी आपल्या हातानं गाडीत टाकून आली. हात धुतले तरी वास जाईना. पण जिवाला बरं वाटत होतं. त्याच्या पिण्याच्या आठ वर्षांत असा योग आला नव्हता. दुकान बंद, घरात थेंब नाही. तीन दिवस माणूस असाच काढेल, आणि ज्यानं तीन दिवस काढले तो तीस काढेल, असा तिचा हिशोब होता. चूक म्हणावी तर एवढीच.

वाशीमकडचं रिसोड सोडून दोघं बिबवेवाडीत आली त्याला अकरा वर्षं झाली होती. ती चार घरी पोळीभाजी करायची. तो फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशला होता, आणि कारागीर म्हणाल तर एक नंबर. जुन्या सागवानावर लाखेचं पॉलिश चढवायचं तर बजरंगनं, हे मालकही कबूल करायचा. कापडाचा बोळा हातात घेतला की गडी तासन्‌तास गोल गोल फिरवत राही. रंग जुळवायला त्याला माप लागत नसे. कपाटाचं एक दार पाहायचा, बशीत दोन थेंब इकडचे, एक थेंब तिकडचा टाकायचा, आणि दुसरं दार असं रंगवायचा की घरमालकाला नवं कुठलं ते कळू नये. सगळी कमाई डोळ्यांची. हात मात्र अलीकडे संध्याकाळची क्वार्टर पोटात गेल्याशिवाय थरथरायचे.

त्या संध्याकाळीही थरथरत होते. आल्या आल्या त्यानं हातपाय धुतले, कोठीपाशी बसला, बराच वेळ आत हात फिरवला. कौशल्या पाठ करून कणीक मळत होती.

"कौसे, जवारीत कोनी हात घातला होता?"

"म्या घातला. भाकरी कायच्या करू मंग?"

"त्यात काही होतं?"

"खडे होते."

दोन्ही हात त्यानं गुडघ्यांत दाबून धरले. मग म्हणाला, "सकाळी मी आंघोळीले गेलो, तवा रतन इथंच बसला होता ना?"

रतन त्याच्याच कारखान्यातला, पुरंदरकडचा, वयानं थोराड. पॉलिशचं काम बजरंगला त्यानंच शिकवलं. राहायचाही कारखान्यातच, पण सकाळचा चहा यांच्याकडे. त्या सकाळीही आला होता आणि कोठीला टेकूनच बसला होता.

"बसला होता," कौशल्या म्हणाली. खोटं ती काही बोलली नाही. पण पुढचं जे बोलायला हवं होतं, ते गिळलं.

"तरीच!" बजरंग उठला. "थांब, पाह्यतोच त्या हरामखोराले."

नऊच्या सुमारास तो परत आला. भांडून आलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. दोन घास खाल्ले आणि आडवा झाला. तिनं हळूच जवळ जाऊन हुंगून पाहिलं. नेहमीचा दारूचा वास नव्हता. पॉलिशच्या स्पिरिटचा होता, पण तो तर त्याच्या कपड्यांना, केसांना, नखांना रोजचाच. बाई इतकी खूश झाली म्हणता! देवापुढं अगरबत्ती लावली आणि मनाशी म्हणाली, एक दिवस गेला.

गुरुवारी उजाडता उजाडता तो ओकला. मग पुन्हा ओकला. पोट धरून भिंतीशी बसला आणि म्हणाला, "धूर कायचा केला व एवढा?"

"कुठं हाय धूर?"

"मंग धुकं पडलं असन. दार लाव."

दार उघडंच होतं. बाहेर लख्ख ऊन पडलेलं, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या एकेक मोजाव्या अशा दिसत होत्या. कौशल्यानं दार लावून घेतलं. तिला वाटलं, दारू सुटताना असंच होत असेल. बचत गटात एका बाईनं सांगितलं होतं, सोडणाऱ्याला थरकाप सुटतो, भलतंसलतं दिसतं, धीर धरायचा. तिनं धीर धरला. लिंबूपाणी केलं, चमच्यानं पाजलं, पाठ चोळली. तास गेला, सव्वा तास गेला. मग त्यानं पाण्याचा पेला घ्यायला हात पुढं केला आणि तो पेल्याच्या वीतभर बाजूनं निघून गेला, तेव्हा ती उठली. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून तिनं त्याला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. खालच्या मजल्यावर ओपीडी, वर आठ खाटा, एवढाच दवाखाना.

डॉक्टर नम्रता वयानं लहान होती, पण बोलणं तुटक. तिनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, श्वास मोजला आणि विचारलं, "काय प्यायलात?"

"काई नाई."

"म्याडम, खरंच नाई पेले ते," कौशल्या पुढं झाली. "दुकानं बंद हायेत ना. कालपासून एक थेंब नाई."

"तुम्ही थांबा जरा. काका, मी पोलीस नाही. बोला, वेळ जातोय."

बजरंगनं मान खाली घातली. "पॉलिशचं. रतननं गाळलं होतं. तो तीस वरसं पेऊन राह्यला, त्याले कधी काही झालं नाई."

पॉलिशवाल्या जुन्या कारागिरांची ही रीत. महिनाअखेर असो, दुकान बंद असो, बशीतलं लाखेचं पॉलिश पाणी घालून फाडायचं, लाख खाली बसली की वरचं फडक्यातून गाळायचं आणि नाक दाबून प्यायचं. कौशल्याला हे ठाऊकच नव्हतं. लग्नाला तेवीस वर्षं झालेली, आणि नवऱ्याच्या कारखान्यात काय पितात ते तिला आज, परक्या पोरीसमोर कळलं. डॉक्टरनं बजरंगच्याच फोनवरून रतनला गाठलं.

"स्पिरिटचा कॅन कुठला होता?"

"नवा हाय, म्याडम. जुना सोमवारी संपला. मालकानं सस्तातला आनला. पर वास त्योच हाय की!"

"त्यावर काय लिहिलंय?"

"कायबी नाय. दुकानाची चिठ्ठी चिकटवलीय, थिनर म्हनून."

"तुम्ही प्यायलात?"

"म्याबी घेतली की. मी ठीक हाय."

"ठीक वाटत असलं तरी आत्ताच्या आत्ता इथं या," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग बसून पाच फोन केले. कौशल्या भिंतीला टेकून एकेक शब्द वेचत होती. मशीन. बेड. चार वाजेपर्यंत नाही. इंजेक्शन नाही. तिथंही नाही.

मग डॉक्टरनं तिला बाजूला घेतलं. "नीट ऐका. त्या कॅनमध्ये भलतंच काहीतरी आहे, मिथेनॉल म्हणतात त्याला. पोटात गेलं की लिव्हर त्याचं ॲसिड करतं. ते आधी डोळ्यांच्या नसा जाळतं, मग बाकीचं. मशीनवर रक्त धुवावं लागेल. मोठ्या हॉस्पिटलात चारनंतर जागा आहे. तोवर ह्यांना दारू द्यावी लागेल."

"कोनाले?"

"ह्यांना."

कौशल्याला वाटलं ही पोरगी आपली थट्टा करते आहे. "म्याडम, दारू विष हाय. मी सोता बायांले सांगत फिरते."

"विषच आहे. तुम्ही काही चूक सांगत नाही. पण लिव्हर एका वेळी एकच काम घेतं, आणि दोन्ही समोर आली की आधी दारू उचलतं. ते तिच्यात गुंतून राहिलं की हे दुसरं तसंच पडून राहतं, मग मशीननं काढता येतं. कमी विष घालून जास्तीचं थोपवायचं, दुसरा उपाय आत्ता माझ्याकडे नाही. व्हिस्की, रम, काहीही चालेल. पण सीलबंद, दुकानातली. हातभट्टीची अजिबात नको, तिच्यात पुन्हा हेच असायचं."

"हे हाताले लावाचं स्पिरिट?"

"नाही चालत. मी दोन मित्रांना विचारलं, त्यांच्याकडची कालच संपली. तुमच्याकडे नसेल घरात?"

सीलबंद, दुकानातली. चोवीस तासांपूर्वी ती तिच्या या उजव्या हातात होती. झाकणाचा तो कट्‌कन आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

"नाई," ती म्हणाली. "पाह्यतो कुठं मिळते काय."

कुठं पाहणार? दुकान बंद करा म्हणून अर्जावर पहिली सही हिची. वस्तीतल्या पिणाऱ्यांच्या दारात हिनं उभं राहून बडबड केलेली. एकच घर डोळ्यांपुढं आलं. ती पोळ्या करायची त्यातल्या एका फ्लॅटमध्ये दोन पोरं राहायची, अभिनव आणि पुष्कर, कॉम्प्युटरवाले. कामाला लागतानाच तिनं ठणकावलं होतं की तुमच्या बाटल्यांना आणि त्या ग्लासांना मी हात लावणार नाही. पोरं बिचारी आपले ग्लास आपण विसळायची.

मतदानाची सुट्टी होती, पुष्करनं डोळे चोळत दार उघडलं.

"मावशी, आज उशिरा या म्हटलं होतं ना?"

"दादा, तुमच्याकडं ते हाय काय?"

"काय ते?"

"पेयाचं. दारू."

पुष्कर तिच्याकडे बघतच राहिला. मग आत वळून ओरडला, "अभ्या, ऊठ! मावशी दारू मागतायत. आता मतदान कशाला, जग बुडालंय." आणि तिच्याकडे वळून, "आम्हाला एवढी भाषणं दिलीत, आणि ड्राय डेला तुम्हीच?"

कौशल्या दारातच खाली बसली आणि रडायला लागली. रडता रडता तिनं सांगितलं तेव्हा पोराचा चेहरा उतरला, "सॉरी, मावशी, सॉरी" असं म्हणत तो फ्रीजकडे धावला. व्हिस्की नव्हती. खालच्या कप्प्यात भाज्यांमागं बियरचे सहा कॅन निघाले, कुणाच्या तरी वाढदिवसाचे उरलेले. अभिनव एव्हाना बाहेर आला होता. त्यानं एक कॅन उलटा करून वाचला.

"शिट! एक्स्पायर झालीये. ऑगस्टची डेट आहे."

"म्हंजे विष झाली काय?" कौशल्यानं विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "माहीत नाही, मावशी," अभिनव म्हणाला. "डॉक्टरांनाच दाखवू. बसा मागं, सोडतो."

कॅन पारदर्शक पिशवीत. पिशवी मांडीवर. शाळेपाशी मतदानाची रांग रस्त्यापर्यंत आली होती आणि पोलिसानं स्कूटर थांबवली, म्हातारी माणसं ओलांडत होती म्हणून. रांगेत बचत गटाच्या उल्काताई उभ्या होत्या.

"कौशल्याबाई, मत दिलंत का?" त्यांनी हाक मारली, आणि मग त्यांची नजर पिशवीवर गेली. मागच्या दोघीही बघायला लागल्या. कौशल्यानं पदर पिशवीवर ओढला, पण सहा कॅन पदराखाली मावतात थोडेच? "वा," उल्काताई म्हणाल्या, "छान आहे." एवढंच. पोलिसानं हात हलवला आणि स्कूटर निघाली. सांगायला तोंड होतं, पण वेळ नव्हता.

डॉक्टरनं कॅन बघितले. "तारखेचं सोडा. जुनी बियर बेचव होते, विष होत नाही, आणि आपल्याला चवीशी काय करायचंय? स्ट्राँग आहे, हे बरं झालं. पण गॅस काढायला हवा, नळीतून असा फेस नाही घालता येणार. तुम्हाला जमेल?"

न जमायला काय झालं! कौशल्यानं नर्सकडून दोन स्टीलची पातेली मागून घेतली, जमिनीवर फतकल मारली आणि बियर या पातेल्यातून त्या पातेल्यात ओतायला लागली, वर-खाली, वर-खाली, पोरांसाठी दूध निववतात तशी. फेस मनगटांवरून कोपरापर्यंत आला. आंबट, कडसर वास नाकात, केसांत गेला. आठ वर्षं ज्या वासानं तिला मळमळायचं, त्यात ती हात घालून बसली होती, आणि एकच धडपड, थेंब सांडू नये. एकदा थोडी फरशीवर उडाली तर जीव चरकला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दारूला मनातल्या मनात हात जोडले, बाई, तेवढं काम कर.

नाकात नळी घालून नर्सनं पहिला डोस सोडला. मग दर तासाला थोडी थोडी. बजरंग गुंगीत होता. तिसऱ्या तासाला त्यानं डोळे उघडले.

"कायचा वास हाय?"

"बियरचा."

"कोन देऊन राह्यलं?"

"मी."

नाकात नळी, तसाच तो हसल्यासारखा झाला. "तू?" म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटले. तिला त्याला मिठी मारून बोंब ठोकावीशी वाटली. तिनं पातेलं उचललं आणि चौथ्या तासाची बियर निववायला घेतली.

चारची जागा साडेपाचला मिळाली. रतन तोवर आलाच नाही, फोनही बंद. मोठ्या हॉस्पिटलात रात्रंदिवस मशीन चालली. माणूस वाचला. तिथला म्हातारा डॉक्टर म्हणाला, बिबवेवाडीच्या पोरीनं वेळेत दारू घातली म्हणून वाचला. डोळ्यांचे डॉक्टर शनिवारी आले, त्यांनी बराच वेळ तपासलं आणि कौशल्याला कॉरिडॉरमध्ये नेऊन सांगितलं की नसा जळून गेल्यात, आता काही परत येणार नाही. तिनं विचारलं, "थोडं पांढरं-काळं तरी?" ते म्हणाले, "आशा धरू नका." मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले.

रविवारी दुपारी रतन आला. हातात चार मोसंबी. डोळे टकटकीत, चालणं नीट. खाटेपाशी उभा राहून रडायला लागला.

"बजरंगा, माज्यामुळं झालं रं. पर वैनी, आईशपथ, म्याबी तेच प्यालो. तेवढंच प्यालो. मला कायबी झालं न्हाय."

शेजारच्या पेशंटला सलाईन लावणारा शिकाऊ डॉक्टर वळला. "त्या दिवशी आणखी काही घेतलं होतं तुम्ही?"

रतननं इकडंतिकडं पाहिलं. "बुधवारी सांच्याला प्रचाराची पोरं क्वाटर वाटून गेली, दोन दिल्या मला. यक ह्यो यायच्या आधी घेतली. दुसरी मतदानाला जाताना सकाळी. ह्याला न्हाय सांगितलं. मागितली असती त्यानं."

"त्यानंच वाचलात," डॉक्टर म्हणाला. "पोटात चांगली दारू होती, म्हणून वाईट पचली नाही. ह्यांच्या पोटात तेवढी असती तर ह्यांचेही डोळे राहिले असते. तुम्हीसुद्धा रक्त तपासून जा." आणि तो सलाईनची बाटली टांगून पुढं गेला.

बजरंग सगळं ऐकत होता. "माही बाटली चोरली," तो म्हणाला, "वरून त्या दोन. आन मले फडक्यातलं पाजलं. वा रे रतन."

"म्या न्हाय चोरली! खंडोबाची आन! त्या राती बी तुला सांगितलं."

"जवारीजोळ तूच बसला होता."

रतननं कौशल्याकडे पाहिलं. बिचाऱ्या म्हाताऱ्याला काय कळत होतं, तो नुसता साक्ष मागत होता. ती गप्प राहिली असती तरी कुणाला कधी कळलं नसतं. बाटली कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेली होती.

"त्यायनं नाई नेली," ती म्हणाली. "म्या ओतली. मोरीत. बुधवारी सकाळी."

रतननं मोसंबी खाटेवर ठेवली. "येतो मंग," असं काहीसं पुटपुटला आणि पाय न वाजवता निघून गेला.

बजरंगनं तोंड वळवलं, ते तिच्याकडे नाही, तिच्या जरा शेजारी. ती शिवीची वाट बघत होती. हात उचलला असता तर तोही तिनं धरला नसता. आपला गुन्हा आहे, आपल्याला शिक्षा व्हावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"सगळी?" त्यानं विचारलं.

"सगळी."

त्याचा तळवा चादरीवर गोल गोल फिरत राहिला. पलीकडच्या खाटेवरचा माणूस खोकला, थांबला, पुन्हा खोकला.

"थोडीक ठेवाची होती व, कौसे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. संध्याकाळला भाजी उरली नाही म्हणून बोलावं, तसा बोलला.

कौशल्यानं मोसंबी सोलली. एक फोड काढून त्याच्या ओठांपाशी धरली. त्यानं तोंड उघडलं नाही. फोड समोर आहे हे त्याला दिसत नव्हतं, आणि तिच्या तोंडून 'घ्या' एवढंही निघेना.